वाचकांचे प्रश्न : घरात शिकणारी तीन मुलं आणि दिवसाचा मेळ

या वेळी आलेल्या पत्रांत होमस्कूलिंगविषयीची पत्रं सर्वांत जास्त आहेत आणि त्यांतली अडचण बहुतेक एकच आहे. एका मुलाला घरी शिकवणं जमतं. दुसरं, तिसरं हाताशी आलं की दिवस कुठे जातो ते कळत नाही. म्हणून हे सदर आज त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : मुलगा ८ वर्षांचा, मुलगी साडेपाच, धाकटा पावणेदोन. जूनपासून मोठ्या दोघांना घरीच शिकवायचं ठरवलं. शाळेसारखं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं : ८ ते ९ मराठी, ९ ते १० गणित, मग इंग्रजी, मग परिसर अभ्यास. चौथ्या दिवशी ते कोलमडलं. मोठ्याला गुणाकार समजावत असते तेव्हा मुलगी पेन्सिल टाकून उठते, धाकटा वह्या ओढतो, तेवढ्यात नळाला पाणी येतं. यजमान ९ वाजता कामावर जातात, सासूबाई घरी असतात. दिवस बसवायचा कसा? (सातारा)

उत्तर : तुमचं वेळापत्रक कोलमडलं ते शिस्त कमी पडली म्हणून नाही. शाळेचा तास एका वर्गातल्या तीस-चाळीस मुलांसाठी आखलेला असतो. हजेरी, वह्या गोळा करणं, गोंगाट थांबवणं यांत त्याचा बराच भाग जातो. घरी समोर एकच मूल असतं. साडेपाच वर्षांच्या मुलीचं मन एका कामात १० ते १५ मिनिटं रमतं, आठ वर्षांच्या मुलाचं २० ते २५ मिनिटं. दिवसभराचं बैठं काम मुलीला पाऊण तास आणि मुलाला पावणेदोन-दोन तास पुरतं. तुम्ही चार तास आखले होते. ते कोणत्याच घरात टिकले नसते.

दुसरी गोष्ट : घड्याळाऐवजी क्रम धरा. मुलांना ९.२० कळत नाही. ‘गोष्टीनंतर वाचन, वाचनानंतर खाऊ’ हे मात्र दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं. खाली वेळा दिल्या आहेत त्या अंदाजासाठी. पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे झाली तर काही बिघडत नाही, क्रम मात्र मोडू नका.

नळाला सातला पाणी येत असेल तर साडेआठपर्यंत अभ्यासाचं नाव काढू नका. त्या वेळेत मुलांना घरकाम द्या आणि ते रोज तेच ठेवा. मोठ्याकडे अंथरुणांच्या घड्या आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, मुलीकडे कुंड्यांना पाणी आणि नाश्त्याच्या ताटल्या. कामं रोज बदलली की रोज सांगावं लागतं, आणि सांगण्यातच तुमची सकाळ जाते. यजमान ९ ला निघतात, तर ८.४० ते ८.५५ ही पंधरा मिनिटं त्यांची. मोठ्याचे पाढे त्यांनी तोंडी म्हणवून घ्यायचे, वही नको. रोजची ही जबाबदारी पूर्णपणे त्यांचीच असू द्या. तुम्ही त्यात आठवण करून द्यायलाही जाऊ नका.

९ ते ९.२० तिघांची एकत्र बैठक. सतरंजीवर बसायचं, धाकटा तुमच्या मांडीवर. आजचा वार आणि तारीख दिनदर्शिकेवर शोधायची, एक कविता किंवा बडबडगीत म्हणायचं, मग दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची. ही बैठक वगळून थेट गणिताला बसण्याचा मोह होतो. तसं करू नका, कारण धाकट्याला सकाळची आई सर्वांत आधी लागते. त्याला वीस मिनिटं मांडी मिळाली की तो पुढची पंधरा-वीस मिनिटं स्वतःचं स्वतः खेळतो. ती नाही मिळाली तर तीच वीस मिनिटं तो दहापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी वसूल करतो.

९.२० ते ९.४० मुलीचं वाचन, तुमच्या शेजारी बसून. तेवढा वेळ मोठा एकटा काम करील : अनुलेखनाच्या पाच ओळी आणि सहा गणितं. ९.४० ते १०.१० मोठ्याचं नवं गणित. आता मुलगी मातकाम करील, चित्र काढील, नाहीतर रव्याच्या ताटात बोटानं अक्षरं गिरवील. या अर्ध्या तासात धाकट्याला सासूबाईंकडे द्या. त्यांनी दिवसभर मदत करावी असं मोघम सांगण्यापेक्षा हा नेमका अर्धा तास त्यांच्याकडे मागा. ठरलेली वेळ पाळणं वयस्कर माणसाला सोपं जातं.

१०.१० ला खाणं आणि अंगण किंवा गच्ची. ११ ला दुसरी बैठक पाऊण तासाची. मोठ्याचं लेखन, एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. मुलीचं पंधरा मिनिटं गणित. बाराला जेवण.

एक ते अडीच धाकटा झोपतो. अवघड अभ्यास या शांततेत उरकावा असं प्रत्येक आईला वाटतं, पण जेवणानंतर मुलं जड झालेली असतात आणि तुम्ही थकलेल्या असता. पहिली चाळीस मिनिटं मोठ्यानं एका कोपऱ्यात मनात वाचायचं, मुलीनं दुसऱ्या कोपऱ्यात चित्रांची पुस्तकं पाहायची आणि तुम्ही आडवं व्हायचं. ही विश्रांती वेळापत्रकाचाच भाग आहे. ती काढून टाकलेली घरं दिवाळीच्या आत दमतात. उरलेल्या वेळात पंचवीस मिनिटं मोठ्याबरोबर परिसर अभ्यास. तीननंतर अभ्यास नाही. पाचला गल्लीतली मुलं शाळेतून येतात, तेव्हा तुमची मुलंही बाहेर हवीत. दिवेलागणीला शुभंकरोति आणि दहा मिनिटं परवचा, साडेआठ-नऊला अंथरुणात. धाकट्याला दुपारची डुलकी धरून ११ ते १४ तास झोप लागते, मुलीला १० ते १३, मुलाला ९ ते १२. सकाळची चिडचिड बहुतेक वेळा रात्रीच्या उशिरा झोपण्यातून आलेली असते.

बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. मोठ्याला एकट्यानं करायला दिलेलं काम त्याला नीट येत नसेल, तर तो दर दोन मिनिटांनी हाक मारणार. एकट्याचं काम नेहमी आठवडाभर आधी शिकून झालेलं असावं, नवं फक्त तुमच्या शेजारी बसून. अडलं तर तिथे टिंब द्यायचं आणि पुढचं गणित घ्यायचं, हा नियम पक्का करा. टिंबं तुम्ही ९.४० ला एकदम पाहा.

दुसरं ठिकाण धाकट्याची खेळणी. सगळी खेळणी सदासर्वकाळ समोर असली की त्यांत काही नवं उरत नाही. चार टोपल्या करा आणि रोज एकच, फक्त अभ्यासाच्या वेळी काढा. त्यांत बरण्यांची मोठी झाकणं, वाट्या-चमचे, कापडाचे तुकडे, मोठे ठोकळे घाला. सव्वा इंच रुंदीच्या भोकातून जाईल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागता कामा नये. चिंचोके, गोट्या, बटणं, खोडरबराचे तुकडे, अख्खे शेंगदाणे घशात अडकतात. खेळण्यातले आणि रिमोटमधले बटणासारखे चपटे सेल सर्वांत घातक : गिळले गेले तर काही तासांत अन्ननलिका भाजते, म्हणून लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं. मोठ्या मुलांचं गणिताचं साहित्य झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर ठेवा आणि उचलताना मोजून ठेवा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त नऊची बैठक आणि मुलीचं वाचन. तिसऱ्या आठवड्यात मोठ्याचं गणित, पाचव्यात दुसरी बैठक. आणि आठवड्यात चारच दिवस असे ठेवा. पाचवा दिवस बाजाराचा, ग्रंथालयाचा, पोस्टाचा. मोठ्याला ५० रुपये आणि यादी देऊन मंडईत न्या. पाव किलो भेंडी २० रुपयांना, तर किलोची किती, आणि पन्नासातले परत किती, हे गणित तिथे भाजीवालीसमोर उभं राहून करावं लागतं. वहीतल्या दहा उदाहरणांपेक्षा ते जास्त पक्कं होतं.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची. क ते ज्ञ तोंडपाठ, बाराखडीही घडाघडा म्हणते. पण पुस्तकातला साधा शब्द समोर धरला तर अडते. रोज अर्धा तास घेते, शेवटी दोघी रडकुंडीला येतो. (परभणी)

उत्तर : तिला अक्षरांचा क्रम पाठ आहे, अक्षरं ओळखता येत नाहीत. तपासून पाहा : ‘ट’ एकटा लिहून दाखवला तर ती मनात क पासून म्हणत तिथपर्यंत येते का? येत असेल तर बाराखडी म्हणवून घेणं सध्या पूर्ण बंद करा. ज्या क्रमानं वर्णमाला पाठ होते त्या क्रमानं वाचन येत नाही. क, ख, ग, घ, ङ एवढ्यात शब्द होतात तरी किती?

अक्षरांचे छोटे गट घ्या, असे की पहिल्या आठवड्यातच खरे शब्द तयार व्हावेत. क, म, न, र, ल, ब आणि काना एवढ्यांत काका, मामा, बाबा, नाक, कान, काम, रान, लाल, मका, कमान, कमल असे शब्द होतात. घरातल्या माणसांची नावं आणि शरीराचे भाग लगेच वाचता येतात, आणि वाचलेल्या शब्दाला अर्थ आहे हे तिला पहिल्या दिवसापासून कळतं. दुसऱ्या गटात प, त, स, ट, व आणि दीर्घ वेलांटी घ्या : पाटी, वाटी, माती, साप, काकी, मामी, तवा, वीट. एका गटाला साधारण दहा ते पंधरा दिवस. मागच्या गटाचे शब्द न अडखळता वाचले जाईपर्यंत पुढचा गट उघडायचा नाही.

ऱ्हस्व वेलांटी मुद्दाम उशिरा. ‘कि’मध्ये चिन्ह अक्षराच्या आधी दिसतं आणि उच्चार नंतर येतो, मूल डावीकडून वाचत जातं आणि गोंधळतं. दीर्घ वेलांटी, एक मात्रा, उकार पक्के झाले की मग ती घ्या. अनुस्वार त्यानंतर, जोडाक्षरं सर्वांत शेवटी, बहुतेक मुलांना सातव्या वर्षी. च आणि ज या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत (चमचा आणि चहा, जहाज आणि जीभ). ते शिकवू नका. बोलताना तिला येतातच. तिनं वेगळा उच्चार केला तर शब्द एकदा बरोबर म्हणून पुढे चला.

साहित्य घरातलंच. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू घेऊन ३ इंच बाय ३ इंचांची कार्डं कापा. एका कार्डावर एकच अक्षर, जाड मार्करनं, शिरोरेघेसह. स्वरचिन्हं वेगळ्या रंगात. तीन कार्डं जुळवून शब्द करायचा, वाचायचा, मोडायचा. लिहिण्यासाठी कडा असलेल्या ताटात दोन वाट्या भाजलेला रवा पसरा, बोटानं रेघ ओढली की खालचं ताट दिसेल इतकाच पातळ थर. जाड थरात रेघ बुजते. पावसाळ्यात रव्याला ओल धरते आणि किडे होतात. जून ते सप्टेंबर चाळून धुतलेली, वाळवलेली बारीक वाळू वापरा.

आणि अर्धा तास नको. सकाळी दहा मिनिटं, दुपारी पाच. ती शेवटचा शब्द हसत वाचते आहे तोवरच पुस्तक मिटा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातही (२०२१ पासून) समजून वाचण्याचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीपर्यंतचं आहे. सहाव्या वर्षी अडखळणं ही मागे पडल्याची खूण नाही.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. ‘त्रेपन्न’ म्हटलं की ३५ लिहितो आणि ‘एकोणतीस’ला कधी ३९, कधी ३१. वहीभर अंक लिहून घेतले तरी तेच. डोळे तपासावेत का? (जळगाव)

उत्तर : फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं इतर लेखन नीट दिसत असेल तर हे डोळ्यांचं नाही, मराठी संख्यानामांचं आहे. ‘त्रेपन्न’ ऐकताना आधी तीन येतात, मग पन्नास; लिहायचे मात्र आधी पाच, मग तीन. मुलगा कानावर पडलं त्या क्रमानं लिहितो. एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढच्या दशकाचंच नाव आहे, म्हणून तो तीस ऐकून ३ लिहून मोकळा होतो. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोड दिली ती याच अडचणीसाठी. तेव्हा त्यावर वाद झाला, पण घरात पायरी म्हणून ती पद्धत फार उपयोगी पडते.

खराट्याच्या १२० काड्या एका लांबीच्या कापा आणि दहा-दहाचे १० गठ्ठे रबरानं बांधा. वीस सुट्या ठेवा. पहिले आठ दिवस संख्येचं नाव घ्यायचंच नाही. पाच गठ्ठे आणि तीन सुट्या मांडायच्या, तोंडानं ‘पाच दशक तीन’ म्हणायचं आणि ५३ लिहायचं. मग आठ दिवस ‘पन्नास आणि तीन’. त्यानंतर ‘पन्नास आणि तीन, म्हणजे त्रेपन्न’ असं दोन्ही एका श्वासात. शेवटी नुसतं त्रेपन्न. एकोणतीससाठी तीन गठ्ठे मांडा आणि त्यातली एक काडी काढायला सांगा; ती काढायला त्याला एक गठ्ठा सोडावाच लागतो, आणि उरतात दोन गठ्ठे नऊ काड्या. हे हातानं पाच-सहा वेळा झालं की ३९ बंद होतं. पुढे हातच्याची वजाबाकी शिकवताना हाच गठ्ठा सोडणं कामी येतं, म्हणून काड्या टाकून देऊ नका.

वहीभर अंक लिहून घेणं थांबवा. चुकीचं शंभरदा लिहिलं की चूकच पक्की होते. रोज सहा संख्या पुरेत, दोन त्याला हमखास येणाऱ्या आणि चार अडणाऱ्या.

प्रश्न : ९, ६ आणि ४ वर्षांची मुलं. प्रत्येकाला परिसर अभ्यास वेगळा शिकवायला वेळ पुरत नाही. एकत्र शिकवता येतो का? (अकोला)

उत्तर : परिसर अभ्यास, गाणी, गोष्टी, चित्रं, व्यायाम हे सगळं एकत्रच शिकवावं. वेगळं हवं ते फक्त वाचन, लेखन आणि गणित. विषय एक ठेवायचा आणि प्रत्येकाकडून अपेक्षा वेगळी ठेवायची.

मटकीचं उदाहरण घ्या. चार वाट्या आणि प्रत्येकीत मोजून २० दाणे. पहिलीतले कोरडेच. दुसरीतले पाण्यात पूर्ण बुडवून तसेच ठेवलेले. तिसरीतले ८ तास भिजवून, पाणी काढून, ओल्या फडक्यात बांधलेले. चौथीतले तिसरीसारखेच, पण फ्रिजमध्ये. फडकं वाळू न देण्याचं काम सहा वर्षांच्या मुलाचं. उन्हाळ्यात बारा तासांत मोड दिसतात, थंडीत दिवस-दीड दिवस लागतो. दोन-तीन दिवसांत बुडालेल्या दाण्यांना वास येऊ लागतो, कारण बीजाला पाण्याबरोबर हवाही लागते आणि त्या वाटीत ती पोचत नाही. फ्रिजमधले जेमतेम फुगतात. कोरडे तसेच.

चार वर्षांचं मूल दाणे मोजतं, हात लावतं, वास घेतं. सहा वर्षांचं रोज चारही वाट्यांचं चित्र काढतं आणि खाली एक-एक शब्द लिहितं. नऊ वर्षांचं तक्ता भरतं : तारीख, वेळ, २० पैकी किती उगवले, मोडाची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि असं का झालं त्याची दोन वाक्यं. तुमच्या भागात सोयाबीन होतं, म्हणून त्याला पुढचा टप्पाही देता येईल. खरिपाआधी शेतकरी घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण चाचणी घेतात. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला योग्य धरतात. मे महिन्यात ओळखीच्या शेतकऱ्याकडे जाऊन मुलांनी ती चाचणी मोजावी. तिसऱ्या वाटीची उसळ करा. बुडालेली वाटी मात्र टाकून द्या आणि मुलांना हात धुवायला लावा.

एका विषयाला एक आठवडा द्या. पाणी कुठून येतं, घरातल्या डाळी, आपल्या रस्त्यावरची झाडं, चंद्राच्या कला, ज्वारी ते भाकरी. महिन्याला चार विषय झाले की वर्षाचं काम होतं, आणि नऊ वर्षांच्या मुलासाठी बालभारतीचं पाठ्यपुस्तक शेजारी ठेवलं तर काय राहिलं तेही दिसतं. पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

प्रश्न : डोंबिवलीत वन बीएचके. सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांच्या जुळ्या मुली. नवरा आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो. जागा आणि आवाज, दोन्हींचं काय करावं? (डोंबिवली)

उत्तर : अभ्यासाची खोली लागत नाही, अभ्यासाची सतरंजी लागते. ती पसरली की अभ्यास सुरू, घडी केली की संपला. मुलाला जमिनीवर बसून लिहिताना पाठीला बाक येऊ नये म्हणून साधारण १० इंच उंचीचा लाकडी पाट किंवा घडीचं बैठं टेबल द्या. प्रत्येक मुलाचं सगळं साहित्य एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये. क्रेटबाहेर काही नाही.

जुळ्यांना एकत्र शिकवा, पण वाचून दाखवायला रोज दहा-दहा मिनिटं एकेकीला वेगळं घ्या. नाहीतर उत्तर नेहमी एकच देते आणि दुसरी गप्प राहते, आणि ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

नवऱ्याच्या मीटिंगच्या वेळा आदल्या रात्री लिहून घ्या. त्या वेळेत मोबाईल हातात देणं सोपं, पण त्याच्यानंतर अभ्यासाला बसवणं दुप्पट अवघड होतं. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाला जास्तीत जास्त एक तास ही स्क्रीनची मर्यादा सांगितली आहे. तो तास वापरायचाच असेल तर अभ्यास संपल्यावर, ठरलेल्या एकाच वेळी. मीटिंगच्या वेळी कणकेचा गोळा, वाटाणे सोलणं किंवा मेथी निवडणं द्या. या कामांना आवाज नाही आणि चार वर्षांच्या बोटांना पेन्सिल धरण्याआधी नेमकी हीच ताकद लागते. शक्य असेल तेव्हा सकाळची पाऊण तासाची बाग मीटिंगच्या वेळीच गाठा.

प्रश्न : नातेवाईक विचारतात, शाळेत नाव नाही तर दहावी कशी देणार? कायदा काय म्हणतो? (कोल्हापूर)

उत्तर : २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. घरी शिकण्याविषयी त्यात वेगळी तरतूद नाही : मान्यतेची पद्धत सांगितलेली नाही आणि पालकांना शिक्षाही नाही. म्हणून कागद आपणच नीट ठेवायचे.

परीक्षेचे रस्ते तीन. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस : हिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या अ, ब, क पातळ्या तिसरी, पाचवी, आठवीला समकक्ष आहेत आणि दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात. दुसरा, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. पाचवी आणि आठवीची परीक्षा तिथे मराठीतून देता येते. तिसरा, राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबर फॉर्म भरून. या फॉर्मला आधीच्या शाळेचा दाखला लागतो, म्हणून मूल कधी शाळेत गेलं असेल तर तो दाखला जपून ठेवा. नियम आणि तारखा दरवर्षी त्या-त्या मंडळाच्या संकेतस्थळावर पाहा, ओळखीच्यांनी सांगितलेल्यावर विसंबू नका.

मूल मध्येच शाळेत घालावं लागलं तर त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. तेव्हा मुख्याध्यापकांना दाखवायला एक वही हवी. प्रत्येक मुलाची २०० पानी फुलस्केप वही करा, रोज तीन ओळी : काय वाचलं, गणितात काय केलं, बाहेर काय पाहिलं. महिन्याला एक लेखनाचा आणि एक गणिताचा नमुना तारीख घालून फाइलला लावा. हे काम रात्री पाच मिनिटांचं आहे. आठवड्याचं एकदम लिहायला बसलं की काहीच आठवत नाही.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. ७ आणि ५ वर्षांच्या मुलांना घरीच मराठीतून शिकवावं असा विचार आहे. (म्युनिक)

उत्तर : जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि काही अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर घरी शिकवायला परवानगी मिळत नाही. तिथे तो विचार सोडून द्या. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे आहेत : न्यूयॉर्कमध्ये आधी कळवून, अभ्यासाचा आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात, टेक्ससमध्ये नोंदणीसुद्धा लागत नाही. ज्या देशात राहता तिथला कायदा आधी वाचायचा, अभ्यासक्रम नंतर.

मराठीसाठी मात्र शाळेबाहेरचा वेळ पुरतो. रोज जेवणानंतर वीस मिनिटं : दहा मिनिटं वाचून दाखवणं, दहा मिनिटं वर दिलेल्या अक्षरगटांतली कार्डं. पाच वर्षांच्या मुलाला फक्त ऐकू द्या, सात वर्षांच्याला कार्डं. शनिवारी आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल असेल तर त्याआधी मोठ्यानं पाच ओळींचं पत्र मराठीत लिहावं आणि कॉलवर स्वतः वाचून दाखवावं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका त्या वेळी काढू नका. सोमवारी त्यातला एकच शब्द घेऊन तो नीट लिहायला शिकवा.